टेबल नेहमी सावलीत

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. चंद्रपूर, बंदिस्त हॉल. सकाळचे साडेआठ.

हजर: पंच चार, त्यांत बाई मी एकटी. टेबलावर तिघे, म्हणजे गुणलेखक, घड्याळ सांभाळणारा आणि चोवीस सेकंदांचं यंत्र सांभाळणारा. नागपूरहून आलेले निरीक्षक, वय सत्तरीच्या आसपास, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत पांढरे बूट. शालेय संघ आठ, मुलींचे चार, मुलांचे चार. त्यांतल्या एटापल्लीकडच्या आश्रमशाळेच्या मुली आदल्या दिवशीच येऊन वसतिगृहात उतरलेल्या. गैरहजर: पाण्याचे कॅन आणणारा. तो दहाला आला.

एवढं मी सामने सुरू होण्याआधी नेहमीच लिहिते. सिंदेवाहीच्या एका शाळेत मी खेळ शिकवते आणि गेली बावीस वर्षं बास्केटबॉलची पंच म्हणून शिट्टी वाजवते. प्रत्येक सामन्याची नोंद वहीत असते: कोण होतं, माझ्या जोडीला दुसरा पंच कोण, वाद कुठे झाला, कशावरून झाला. वादाची जागा शब्दांत सांगणं कटकटीचं म्हणून मी मैदानाचा चौकोन काढते, जिथे प्रकार घडला तिथे फुली, मी उभी होते तिथे गोल. अशा सात वह्या झाल्या आहेत.

त्या शनिवारी निरीक्षक सामन्यांबरोबर मलाही बघणार होते. जिल्ह्याच्या पंच मंडळाने उन्हाळ्यात ठरवलं होतं की पंचेचाळीस ओलांडलेल्या पंचांना एकदा बाहेरच्या माणसाने पाहावं. चेंडूच्या आधी जो आपल्या जागी पोचतो तो मैदानावर राहील. जो पोचत नाही, त्याला टेबल. मला एक्कावन्नावं चालू होतं. सकाळी एक सामना आणि दुपारी तीनचा दुसरा, एवढ्यात माझा निकाल लागणार होता.

टेबलाचं काम हलकं नाही. तिथे एक आकडा चुकला तर अख्खा सामना चुकतो. पण मला ते नको होतं. वर्गाच्या तासाला मी मुलांना पळायला सांगते आणि स्वतः कडेला उभी असते. मी स्वतः पळते ती फक्त सामन्यात. तेवढंही गेलं तर काय उरेल, हा विचार मी टाळत होते. आणि अडचण अशी की सगळ्यांच्या मते मी टेबलासाठीच जन्मलेली. मंडळाचे सचिव तर उघडच म्हणायचे, "बाई, तुमचं अक्षर म्हणजे छापल्यावानी. तुम्ही टेबलावर बसल्या तं आम्हाले काई चिंताच नाई."

शंका घ्यायला कारणही होतं. वर्षभरात, सामने जास्त करून हॉलमध्ये व्हायला लागल्यापासून, माझ्या सामन्यांतले वाद वाढले होते. डोळ्यांसमोरचे फाउल सुटायचे. प्रशिक्षक म्हणायचे, बाईंचं पळणं कमी झालं. मलाही तेच वाटलं आणि मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. गुडघ्यांचा एक्सरे काढला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने चांगले आहेत. तरी कालव्याच्या रस्त्याने सकाळचं पळणं दोन फेऱ्यांनी वाढवलं. संध्याकाळचा भात बंद केला. भात पिकवणाऱ्या सिंदेवाहीत राहून भात बंद करणं म्हणजे काय, ते तिथल्याच माणसाला कळेल. चार किलो उतरले. वाद होते तेवढेच राहिले. मला भीती वाटायला लागली ती इथे. करण्यासारखं सगळं करून झालं होतं आणि यादीत खूण करायला काही उरलं नव्हतं.

पुढचं कळायला एवढं पुरे. सामन्याला आम्ही दोन पंच असतो. एक चेंडूच्या पुढे पळून बास्केटखालच्या शेवटच्या रेषेवर उभा राहतो, त्याला लीड म्हणतात. दुसरा चेंडूच्या मागे, कडेच्या रेषेला धरून येतो, तो ट्रेल. चेंडू उलटा फिरला की कामं बदलतात: मागचा सुसाट पुढे जातो, पुढचा मागे पडतो. पण कड बदलत नाही. एक पंच टेबलाच्या बाजूची कड सांभाळतो, दुसरा पलीकडची. फाउल झाला की आम्ही जागांची अदलाबदल करतो. दोघे दोन कडांना असले की खेळाडू आमच्या मधे राहतात आणि कोणाची पाठ कोणाला आडवी येत नाही. सारं काम एवढंच. खेळाडूंच्या मधली फट दिसली पाहिजे.

माझ्या जोडीला नेहमीचे भाई होते. बल्लारपूरला त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि आम्ही बारा वर्षं बरोबर शिट्टी वाजवतो. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, चेहरा काऊन असा? पेपर द्याले आल्या का?"

"पेपरच आहे."

"मंग सोपं हाये. मी बाजूच्या बाकावर हाये, पाहून लिहा."

साडेनऊला मुलींचा साखळी सामना लागला, चंद्रपूरची एक शाळा आणि एटापल्लीकडच्या मुली. या मुली उंचीने लहान, पण दमत नाहीत. त्यांच्या प्रशिक्षक बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, साडीखाली खेळाचे बूट, आवाज खणखणीत. निरीक्षक टेबलाच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. हातात पुठ्ठा, त्यावर कागद, कानावर पेन्सिल.

दुसऱ्या डावात मी पलीकडच्या कडेला ट्रेल होते. एटापल्लीची मुलगी चेंडू मारत कडेने पुढे निघाली, चंद्रपूरची मुलगी तिला भिडली आणि चेंडू सुटला. माझ्यासमोर फक्त चंद्रपूरच्या मुलीची निळी पाठ होती. हात लागला की नाही, दिसलं नाही. न दिसलेल्या गोष्टीवर शिट्टी वाजवायची नसते, म्हणून वाजवली नाही. चंद्रपूरने चेंडू पळवला आणि दोन गुण केले. एटापल्लीची मुलगी खाली बसून मनगट चोळत होती. त्यावर लाल वळ होता.

एटापल्लीच्या बाई बाकावरून उठल्या. ओरडल्या नाहीत. शेजारच्या वावरातल्या बाईला हाक मारावी तशा म्हणाल्या, "अवो बाई, इथी ऊन नाई. सरका ना तिकडे."

हॉलमध्ये हशा झाला. टेबलावरचे तिघेही हसले. निरीक्षकांनी कानावरची पेन्सिल काढून काहीतरी लिहिलं.

प्रशिक्षकाने असं बोलणं नियमात बसत नाही. ताकीद देता आली असती. पण शिवी नव्हती, अपमानही नव्हता, आणि मला त्या वाक्याचा अर्थच लागेना. बंद हॉल, वर पत्रा, पांढरे दिवे. उन्हाचा इथे काय संबंध? मी हाताने बसायची खूण केली आणि सामना पुढे चालू ठेवला. पुढच्या फाउलला जागा बदलताना भाई जवळून गेले. पुटपुटले, "मधात उभ्या होत्या म्याडम तुम्ही. पार मधात."

एटापल्लीच्या मुली पाच गुणांनी हरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा आणखी एक सामना होता, म्हणून त्या स्पर्धेतून गेल्या नाहीत. तेवढंच समाधान.

जेवणाच्या सुट्टीत हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही डबे उघडले. भाईंच्या डब्यात खिमा आणि पोळ्या, माझ्या डब्यात भाकरी आणि सांबार वडी. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. भाईंनी दोन वड्या न विचारता उचलल्या. मी खाल्लं नाही. वही काढली आणि वर्षभराचे वाद एकेक करून पाहायला लागले.

ही पानं मी याआधी दहा वेळा पाहिली होती. पण दर वेळी बघितल्या होत्या त्या फुल्या: फाउल कुठे सुटला, रिंगजवळ की कडेला, कोणत्या संघाचा. फुल्या मैदानभर विखुरलेल्या होत्या, त्यांत काही क्रम नव्हता. या वेळी मी गोल बघितले. मी चौकोन काढते तेव्हा टेबल नेहमी खाली असतं. खालच्या कडेचे गोल रेषेला चिकटून होते, असावेत तिथेच. वरच्या कडेचा एकही गोल वरच्या कडेवर नव्हता. सगळे खाली सरकलेले, मैदानाच्या मधोमध. आणि वाद झालेले जवळपास सगळे याच गोलांचे.

मी वही भाईंपुढे धरली. "हे बघा. पलीकडच्या बाजूला असले की मी टेबलाकडे सरकते."

"टेबलाकडे नाई," भाई घास गिळत म्हणाले. "सावलीकडे."

मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. सिंदेवाहीला कडुनिंब, टेबल त्याच्याखाली. मूल गावाला पाण्याच्या टाकीची सावली, टेबल तिथे. मोहर्लीच्या रस्त्यावरच्या शाळेत मोहाचं झाड, टेबल मोहाखाली. एटापल्लीला चिंच. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यात उघडं सिमेंटचं मैदान असलं की टेबल सावलीतच लागतं, कारण तिथली माणसं दोन दोन तास हलत नाहीत. एप्रिलमध्ये पलीकडच्या कडेला उभं राहिलं तर बुटाच्या तळातून चटका येतो. मग पंच काय करतो? एक पाऊल आत. मग अजून एक. उघड्या मैदानावर कोणी काही म्हणत नाही, कारण जागा बदलली की समोरचा पंचही तेच करतो आणि प्रशिक्षकही झाडाखालीच बसलेले असतात. बावीस वर्षं माझ्या पायांनी एकच शिकून ठेवलं होतं: टेबल आहे तिकडे गार आहे.

"पण इथे तर छप्पर आहे," मी म्हणाले.

"म्याडम, माह्या दुकानातला पंखा जळून दोन वर्षं झाले. मी अजूनही बसतो पंख्याखालीच. गिऱ्हाईक पुसते, भाई, दारात बसा ना, हवा हाये. मी म्हणतो, हौ, आन् पुन्हा तिथीच."

मी हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. दोष गुडघ्यांचा नव्हता. वयाचाही नव्हता. चार किलो आणि कालव्याच्या फेऱ्या, सगळं मी चुकीच्या दुखण्यावर केलं होतं. मी पोचत होते, पण नको तिथे पोचत होते. दुखणं कळलं की त्याला यादीत घालता येतं. मी भाकरी खाल्ली. उरलेल्या वड्याही खाल्ल्या, भाईंच्या हातातली एक सोडून.

खात्री करायची होती. रिकाम्या हॉलमध्ये जाऊन मी पलीकडच्या कडेला उभी राहिले आणि भाई चेंडू मारत मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश चालले. मी ट्रेल म्हणून सवयीने मागे गेले आणि थांबले तिथे भाईंनी खिशातल्या टेलरच्या खडूने खूण केली. चार फेऱ्या, चार खुणा. पहिली कडेपासून दोन पावलं आत, चौथी सहा पावलं.

"वा," भाई म्हणाले. "अजून दोन फेऱ्या केल्या तं टेबलावरच जाऊन बसान तुम्ही."

मग भाई कडेला गेले आणि मी चेंडू घेतला. त्यांची चौथी खूण पाच पावलं आत होती. त्यांनी कडेपासून पावलं पुन्हा मोजली.

हॉलचा चौकीदार ओरडला, "ओ, हे पुसणार कोण?" आम्ही दोघांनी ओल्या फडक्याने पुसलं.

उपाय सोपा हवा होता. सामन्यात रेषेकडे बघत राहता येत नाही, नजर खेळावर लागते. पलीकडच्या बाजूला पहिल्या रांगेत एटापल्लीच्या मुली बसल्या होत्या, जेवून परत आलेल्या. मी ठरवलं, पलीकडे असताना त्यांचं बोलणं मला पाठीमागे ऐकू आलं पाहिजे. ऐकू येईना झालं की मी आत सरकले. डोळे खेळावर, पाठ मुलींवर.

तीन वाजायला दहा मिनिटं असताना मी त्यांच्या प्रशिक्षक बाईंकडे गेले. निर्णयाबद्दल बोलायचं नसतं, हा माझा नियम. तो मी मोडला. म्हणाले, "सकाळी तुमच्या मुलीचा फाउल माझ्याकडून सुटला."

"माहित हाये," त्या म्हणाल्या. "मनगट दाखवलं ना तिनं मले."

"ऊन नाही असं तुम्ही का म्हणालात?"

त्या जरा ओशाळल्या. "राग आला का बाई? आमच्या गावी चिंचेखाली टेबल राह्यते. तुमी मागच्या साली आल्या होत्या, तवाही मधातच होत्या. म्या पोरीयले सांगून ठेवलं व्हतं, त्या बाई पलीकडून असल्या तं त्याच कडेनं हात मारा, त्यायले दिसत नाई."

म्हणजे वर्षभर एका संघाला माझी खोड माहीत होती आणि त्यांनी ती डावपेचात घेतली होती. आज तीच उलटली होती. मी विचारलं, "मग आज सकाळी मला सरकायला का सांगितलं?"

"आज आमचीच पोर होती ना त्या कडेले," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

तीनचा सामना मुलांचा होता. मुलं मुलींपेक्षा वेगाने फिरतात आणि धडकतात जास्त. पहिल्या डावात मी टेबलाच्या बाजूला होते, तिथे मला कधीच अडचण नव्हती. मग एक फाउल झाला आणि जागा बदलून पलीकडे गेले. पाठीमागे मुली त्यांच्या माडिया बोलीत काहीतरी बोलत होत्या. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज होता. मधे एकदा तो बारीक झाला. मी पाहिलं, तीन पावलं आत आले होते. बाहेर सरकले. आवाज परत आला. असं त्या सामन्यात सात-आठ वेळा झालं असेल. एकदा तर मी इतकी कडेला गेले की एका मुलीने पाय आखडून घेतले.

कडेवरून खेळ वेगळा दिसतो. मधोमध उभं राहिलं की सगळं जवळ वाटतं आणि पाठी दिसतात. कडेवर आलं की दोघांच्या मधली जागा दिसते, हात कुठे, कोपर कुठे, पाय आधी कोणाचा टेकला. पंचाचं पळणं म्हणजे जास्त पळणं असं मी तरुण पंचांना शिकवत आले होते. खरं पळणं योग्य फटीपाशी योग्य वेळी पोचण्यासाठी असतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दुपारी पायांना कळलं.

शेवटच्या मिनिटाला एका गुणाचा फरक होता. मी पलीकडे ट्रेल. समोर चेंडू चोरला गेला आणि खेळ उलटा फिरला. आता मला लीड व्हायचं होतं, मैदानभर पळून चेंडूच्या आधी शेवटच्या रेषेवर. सरळ कडेने पळाले. आत वळायचा मोह झाला, कारण आतून अंतर कमी वाटतं, पण वळले नाही. रेषेवर पोचून तोंड फिरवलं तेव्हा चेंडू घेतलेला मुलगा तीन-चार पावलं दूर होता आणि बचाव करणारा त्याच्या वाटेत येऊन उभा राहिला होता. दोन्ही पाय टेकलेले, छाती समोर. धडक झाली. दोघे पडले. चेंडू रिंगमधून गेला.

मी शिट्टी वाजवली. धडकणाऱ्याचा फाउल, गुण रद्द.

बाकावरून आरडाओरड झाली. त्या संघाचे प्रशिक्षक हात वर करून म्हणाले, "बाई, आधी पाय हालला त्याचा." मी म्हणाले, "नाही हालला, दोन्ही टेकले होते." आवाज चढवावा लागला नाही. गेल्या वर्षभरात अशा वेळी मी आधी ओरडायचे, कारण मला नक्की माहीत नसायचं. या वेळी मला दिसलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी उभी होते त्या रेषेकडे पाहिलं आणि खाली बसले.

सामना संपल्यावर मी हॉलच्या मागे नळावर तोंड धुतलं. थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

निरीक्षक टेबलापाशी आवरत होते. मला पाहून म्हणाले, "बाई, सकाळच्या तुम्ही आन् आत्ताच्या तुम्ही, दोघी बहिणी हाये का?"

मी त्यांना गोल दाखवले. सावलीचं सांगितलं. त्यांनी वही लांब धरून, मग जवळ धरून पाहिली. "म्हणजे माह्या नागपूरच्या पंचायचंही पाहा लागते," ते पुटपुटले. मग गुणलेखकाला म्हणाले, "रबर दे जरा." माझ्या नावापुढे सकाळीच पेन्सिलीने 'टेबल' लिहिलेलं होतं. ते त्यांनी नीट खोडलं, कागदावरचा चुरा फुंकला आणि पेनने 'मैदान' लिहिलं.

भाई मागून म्हणाले, "साहेब, माह्यावालं वयही पंचेचाळीसच्या वर हाये, माहा नंबर पुढच्या महिन्यात हाये. माह्ये गोल नका पाहू."

त्या संध्याकाळी घरी मी भात केला. साधा, तूप आणि वरण. नवरा म्हणाला, निकाल लागला वाटतं. मी म्हणाले, लागला, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

हे सगळं होऊन तीन आठवडे झाले. एक काम मात्र तसंच आहे. निरीक्षकांनी 'मैदान' लिहिल्याचं कळल्यावर मंडळाच्या सचिवांचा चेहरा पडला होता. आताचा गुणलेखक दिवाळीनंतर नोकरीला पुण्याला जातो आहे आणि माझ्या भरवशावर त्यांनी दुसरा माणूस पाहिलाच नव्हता. "तुम्ही मैदानावर राह्यल्या तं टेबलासाठी माणूस तुम्हीच द्या," असं ठरलं. अक्षर चांगलं, डोकं शांत, शनिवार मोकळा, एवढ्या तीन अटी. गणिताच्या सरांना विचारलं, त्यांना शनिवारी शिकवणी असते. बँकेतल्या एका ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, आकडे आठवडाभर पुरतात. भाईंच्या मेहुण्याचं अक्षर पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

पुढचा सामना नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी वरोऱ्याला आहे. यादीत लिहिलं आहे: गुणलेखक शोधणे, नियम शिकवणे, पत्रक भरायचा सराव दोनदा. तिन्हींपुढे अजून खूण नाही. उद्या शाळेतल्या ग्रंथपाल बाईंना विचारायचं आहे.